मोहित्यांकडच्या संध्याकाळच्या गोळ्या

शेवटपर्यंत वाचायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांच्यासाठी मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. मेधा मोहिते हिने आपल्या सासूला कीमोच्या गोळ्या खाऊ घातल्या, ही जी गोष्ट ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून गेली काही वर्षं फिरते आहे, ती खोटी आहे. त्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर मी. खरं काय ते मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

संपादकांनी मागितलं होतं ते वेगळंच. "डॉक्टरसाहेब, प्रॅक्टिसमधले गमतीदार अनुभव द्या ना. दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं." कॅन्सरच्या डॉक्टरकडे हलकंफुलकं मागणारे संपादक आपल्याच मराठी मंडळाला मिळतात. तरी गमती आहेत, नाहीत असं नाही. त्या ओघात येतीलच.

माझं काम बाहेरच्यांना समजावणं हीच माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी कटकट. आपल्या भागात पित्ताशयाचा कॅन्सर बराच दिसतो. पुष्कळदा माणूस पोटदुखीसाठी जातो, खडे सापडतात, ऑपरेशन होतं, आणि काढलेली पिशवी तपासायला पाठवली की रिपोर्ट येतो. मग पुन्हा मोठं ऑपरेशन. यकृताचा तुकडा, आजूबाजूच्या गाठी, सगळं काढतात. सर्जन बाहेर येतो आणि हिरवी टोपी काढत म्हणतो, "सब निकाल दिया, अब कुछ नहीं बचा." नातेवाईक त्याच्या पायाशी वाकतात. आणि महिन्याभराने तोच सर्जन त्यांना माझ्याकडे पाठवतो, कीमोसाठी!

आता सांगा, मी काय बोलायचं? "सब निकल गया तो दवाई किस बात की?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल याचा हिशेब नाही. मी वाळवीचं उदाहरण द्यायचो. कपाटाची खाल्लेली फळी सुताराने काढून फेकली, तरी शेजारच्या भिंतीत औषध मारतोच ना आपण? डोळ्यांना दिसतं तेवढंच सर्जन काढतो. न दिसणारं कुठे राहिलं असेल तर त्याच्यासाठी हे औषध. राहिलंच आहे असं नाही, नाहीच असंही नाही. लोक मान डोलवायचे आणि बाहेर जाऊन रिसेप्शनवरच्या मुलीला विचारायचे, "डॉक्टर ठीक तो हैं ना? दीमक की बात कर रहे थे."

हे औषध पुष्कळदा गोळ्यांच्या स्वरूपात असतं. सलाईन नाही, सुई नाही. सकाळी जेवून काही गोळ्या, संध्याकाळी जेवून काही गोळ्या. दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सुट्टी, असं साधारण सहा महिने. घरी बसून घेता येतात, हा त्यांचा गुण. आणि घरी बसून घेता येतात, हाच त्यांचा धोका. कारण घरी काय चालतं ते डॉक्टरला दिसत नाही.

आणि आपल्या घरांतून काय चालतं? लपवालपवी! पेशंटला कळू द्यायचं नाही. दाराबाहेर माझ्या पाटीवर 'कैंसर रोग विशेषज्ञ' असं मोठ्या अक्षरांत होतं. भिंडकडचे एक गृहस्थ वडिलांना आणायच्या आधी पुढे आले आणि त्यांनी खांद्यावरचा गमछा काढून पाटीवर टाकला. कंपाउंडर ओरडला तर म्हणाले, "दो मिनट की बात है भैया, बाऊजी निकल जाएँ." दुसऱ्या एका मुलाने मला फोनवर विनंती केली होती की आईसमोर मी दाताचा डॉक्टर असल्यासारखं वागावं. पोटावर टाके घातलेल्या बाईसमोर, दाताचा! तरुणपणी मी या लोकांशी भांडायचो. शरीर त्यांचं आहे, त्यांना सांगा, म्हणायचो. मग ते दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे. हळूहळू मी भांडणं सोडलं. पुढे पुढे तर मला त्यात चातुर्य वाटू लागलं. घरच्यांच्या सोयीचं खोटं मी सफाईने बोलू लागलो.

अशा काळात वसंतराव मोहिते माझ्याकडे आले. नाना. वीजमंडळातून निवृत्त, ताठ मान, मोठा आवाज. आपल्या मंडळात त्यांना सगळे ओळखत, तेव्हा वर्णन पुरे. बरोबर मुलगा संजय आणि सून मेधा. मेधा सिटी सेंटरच्या एका बँकेत नोकरीला.

नानांचं मोठं ऑपरेशन झालेलं. पण त्यांना सांगितलं होतं खड्यांचं. खडे त्यांनी काचेच्या डबीत घालून आणले होते, ते माझ्या टेबलावर ओतले. "बघा डॉक्टर, पोटात काय काय बाळगून होतो. सराफ्यात दाखवून आलो, कुणी भाव देत नाही."

संजयने त्यांना वजन करायला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. "डॉक्टरसाहेब, बाबांना कुछ भी पता नहीं चलना चाहिए. ते खचून जातील."

मेधा म्हणाली, "काका, मला वाटतं सांगायला हवं. बाबा स्वतःच्या हाताने औषधं घेणारे आहेत. मी दिवसभर बँकेत असते. कसल्या गोळ्या आहेत हे त्यांना माहीत नसेल तर ते आपल्या मनाने काहीही करतील."

"तू मधे बोलू नकोस ना यार," संजय म्हणाला.

आणि मी? मी हसून म्हणालो, "अगं बेटा, या वयात कशाला टेन्शन द्यायचं? गोळ्या काम करतात, नाव काम करत नाही." हे वाक्य मला फार आवडायचं. मी ते पुष्कळांना ऐकवलं आहे.

नाना आत आले. मी त्यांना म्हणालो, "नाना, ऑपरेशनने अशक्तपणा आलाय. ही शक्तीची गोळी आहे. महागाची आहे, पण अंगी लागते."

"मग द्या की!" नाना म्हणाले.

मेधा माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर चुकवायला मी रक्ताच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

पुढे संजयने आणखी एक हुशारी केली. पाकिटांवर इंग्रजीत सूचना असतात, नाना चष्मा लावून त्या वाचतील, म्हणून त्याने गोळ्या काढून च्यवनप्राशच्या रिकाम्या डब्यात भरल्या. मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "बढिया." मेधाने त्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती, 'फक्त बाबांसाठी'. संजयने तीही काढली. उगाच शंका येईल म्हणे.

या गोळ्यांचा त्रास ठरलेला असतो. तळहात-तळपाय लाल होतात, भाजल्यासारखे, मग साल निघते. तोंड येतं, जुलाब होतात. बहुतेकांना थोडंफार काहीतरी होतंच. नानांना काहीच होईना! दर फेरीला यायचे ते आधी फूलबागेत चालून, मग माझ्याकडे. रक्त चांगलं, भूक चांगली, हात मऊ. मी चकित. इतका की मी त्यांना बाहेर बाकावर बसवून नव्या पेशंटांना दाखवायचो. "हे बघा, हेच औषध घेतात, त्रास आहे का काही?" नाना छाती पुढे काढून सांगायचे, "कुछ नहीं होता साहब, ताकत की गोली है." ज्यांना आपला आजार माहीत होता असे दोन-चार पेशंट त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघायचे. मला तीही गंमतच वाटायची.

याच काळात नानांच्या पत्नीला, सुमनकाकूंना, जुलाब सुरू झाले. काकू मूळच्या किडकिडीत, मूत्रपिंडं आधीच थोडी कमजोर. घराजवळच्या डॉक्टरांनी पोटाचं इन्फेक्शन म्हणून औषध दिलं. बरं वाटायचं, पुन्हा सुरू व्हायचं. तोंड आलं, जेवण तुटलं. काकूंना वाटलं उष्णता झाली, त्या गुलकंद खात बसल्या. मंडळातल्या बायका बघायला गेल्या आणि परत येताना निदान करूनच आल्या. सून स्वयंपाक सकाळी करून ठेवते, ते शिळं खाऊन सासूचं पोट बिघडलं. "सून बँकेत, सासू बाथरूममध्ये," असं एकीने म्हटलं आणि ते सगळ्यांना फार आवडलं. मलाही माझ्या बायकोने येऊन सांगितलं. मी हसलो होतो.

मग एके दिवशी काकूंना उचलून आणावं लागलं. आमच्याच हॉस्पिटलमध्ये, पण फिजिशियनकडे. ताप, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. त्यांना वाटलं मोठं इन्फेक्शन. नानांच्या ओळखीखातर मी दुपारी सहज डोकावलो.

काकूंनी पडल्या पडल्या हात जोडले. मी हात बघितले आणि दारातच थांबलो. तळवे लालभडक, बोटांच्या टोकांना साल निघालेली. चादर बाजूला केली तर तळपाय तसेच. हे हात मी रोज बघत होतो. ज्याच्या अंगावर ते दिसायला हवे होते तो माणूस शेजारच्या स्टुलावर संत्रं सोलत बसला होता. त्याची बोटं गुळगुळीत.

नानांना मी बाहेर कॉरिडॉरमध्ये घेतलं. "नाना, शक्तीच्या गोळ्या कशा घेता?"

"अगदी वेळेवर. सकाळच्या मी, संध्याकाळच्या ही."

"ही म्हणजे?"

"ही म्हणजे ही! आणखी किती बायका आहेत मला?" नाना हसले. मग माझं तोंड बघून जरा नरमले. "अहो, माझं काय, माझे खडे गेले, मी खणखणीत आहे. हिच्या अंगात काही उरलंय का? एवढी महागाची गोळी मी एकट्याने खायची आणि हिने बघत बसायचं? दिवेलागणीला आम्ही दोघंच जेवतो. सूनबाई तोवर बँकेतून आलेली नसते. तिला सांगू नका हां, रागावेल. ती म्हणते फक्त तुम्हीच घ्या."

माझ्याच्याने एवढंच झालं, की आत जाऊन फिजिशियनला सांगितलं, या बाईंना कीमोची विषबाधा झालीय.

पुढचे दिवस वाईट गेले. काकू वाचतील असं आम्ही कुणीच छातीठोक म्हणत नव्हतो. त्या वाचल्या. उशिरा का होईना कारण कळलं, म्हणून वाचल्या.

संजय आणि मेधाला मी त्याच संध्याकाळी खोलीत बोलावून सांगितलं. संजय खुर्चीत मटकन बसला. मेधा उभीच होती. "मी म्हटलं होतं ना, काका?" एवढंच म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी तिच्या हातातला जेवणाचा डबा टेबलावर आपटला गेला आणि आमटी माझ्या कागदांवर सांडली. कुणी पुसली नाही.

"आता बाबांना सगळं सांगून टाकू," ती म्हणाली. बरोबर होतं. मीही तयार झालो होतो. अडवलं काकूंनी. त्या शुद्धीवर आल्यावर मेधाने त्यांना खरं काय ते सांगितलं होतं. काकूंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "यांना कळू देऊ नकोस गं. 'माझ्या हाताने हिला विष दिलं' असं यांच्या मनात बसलं, तर हे अन्न सोडतील. तू मला शब्द दे."

मेधाने शब्द दिला. सासू त्या अवस्थेत असताना ती दुसरं काय करणार होती?

पण गोळ्यांची वाटणी थांबवायला तर हवी होती. तेव्हा मी पुन्हा एक नवं खोटं रचलं. काय करणार, तेवढंच येत होतं. "नाना, ती पुरुषांची गोळी आहे. बायकांना चालत नाही." नाना डोळे मिचकावून म्हणाले, "असं होय! आधी सांगायचं ना डॉक्टर." त्यानंतर दोन्ही वेळच्या गोळ्या त्यांनी इमानाने घेतल्या. तळहातांची साल निघाली तेव्हा तक्रार करत आले, "आता अंगी लागायला लागलेली दिसते."

तिकडे बातमी बाहेर फुटली होती. वॉर्डात आयाबाई असतात, भेटायला येणारे असतात, अर्धं वाक्य कुणाच्या ना कुणाच्या कानावर पडतंच. सासूच्या पोटात कीमोच्या गोळ्या गेल्या, हे अर्धं वाक्य. घरात गोळ्या आणणारी कोण? सून. बाकीचं सकाळी फूलबागेत चालणाऱ्यांनी पूर्ण केलं. आधीचं शिळं अन्न होतंच जोडीला. मला एका सन्माननीय सभासदाने आडून विचारलं, "डॉक्टरसाहेब, मोहित्यांकडे काय करून राहिली ती सून? पोलिसात नाही गेले का कुणी?" मी म्हणालो, "पेशंटची माहिती मी बाहेर सांगत नाही." किती सभ्य उत्तर! 'तसं काही नाही' एवढं म्हणायला कुठल्या गोपनीयतेची आडकाठी होती? पण तेवढं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग गोळ्या दिल्या कुणी, आणि तो प्रश्न फिरत फिरत माझ्या खुर्चीपर्यंत पोचला असता.

आपल्या गणेशोत्सवात रोजचा नैवेद्य एकेका घराकडे असतो. मोहित्यांचा दिवस त्या वर्षी गळला. 'घरात आजारपण आहे, त्यांना कशाला त्रास' असं म्हणून. पुढच्या वर्षीही गळला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मेधाच्या हातचा तिळगूळ बायका घ्यायच्या आणि रुमालात बांधायच्या. खायच्या नाहीत. माझ्या घरात तो रुमाल मी पाहिला आहे. बायकोला म्हणालो, "खा की." ती म्हणाली, "तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा, मग खाते." मी पेपर वर धरला.

सुमनकाकूंनी बायकांना सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. "माझी सून फार चांगली आहे हो," त्या म्हणायच्या. बायका एकमेकींकडे बघायच्या. बिचारी घाबरते, घरात राहायचंय तिला, असा त्याचा अर्थ लागायचा. त्यापलीकडे त्यांना काही सांगता येत नव्हतं. नाना शेजारी बसलेले असायचे.

नानांचा आजार काही काळाने उलटला. सुरुवातीचे महिने अर्धीच मात्रा गेली म्हणून उलटला का? मला सांगता येत नाही. पूर्ण घेणाऱ्यांचाही उलटतो. पण 'सांगता येत नाही' हे उत्तर घेऊन झोपायला मला त्रास होतो, आणि तो व्हावा हे योग्यच आहे. नाना गेले, आणि काही महिन्यांनी काकू गेल्या. दोघं असेपर्यंत मेधाने शब्द पाळला.

मग यंदाची उत्सवाची सभा. नैवेद्याचे दिवस वाटून झाले, मोहित्यांचं नाव आलं नाही. मागून कुणीतरी विचारलं तर उत्तर मिळालं, "त्यांच्याकडे सुतक असेल ना." काकूंना जाऊन कितीतरी महिने झाले होते. आणि मग एक हलका आवाज, "शेवटी पोचवलंच सासूला." दोघं-तिघं हसले. मी पहिल्या रांगेत होतो. मानाची खुर्ची. तिथून उठून बोलायला हवं होतं. उठलो नाही. मी घरी आलो आणि मग मोहित्यांकडे गेलो.

दार मेधाने उघडलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की दिवाळी अंकात सगळं लिहितो, तुझी आणि संजयची परवानगी हवी. संजय आतून आला, म्हणाला, "लिहा, डॉक्टरसाहेब. मेरा भी नाम डालिए."

मेधाने पाणी दिलं. मग म्हणाली, "काका, इतकी वर्षं तुम्ही पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या घरचा शिरा खात होता. तेव्हा नाही वाटलं लिहावंसं?"

"वाटायचं."

"मग?"

मी पाणी प्यायलो.

आठवड्याने मी लिहिलेला कागद तिला वाचायला नेऊन दिला. तिने तो तिथेच, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचला. बऱ्याच ठिकाणी मी तिच्याबद्दल 'सोशिक', 'त्यागी', 'आदर्श सून' असं घातलं होतं. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिने फ्रिजवरचं पेन घेतलं आणि ते सगळे शब्द एकेक करून खोडले.

"अगं, चांगलंच लिहिलं होतं," मी म्हणालो.

"चांगलं आहे म्हणूनच खोडते आहे. आदर्श सून म्हटलं की तुम्ही सगळे मोकळे. माझा सत्कार करतील, शाल देतील, आणि पुढच्या वर्षी नैवेद्य माझ्याकडे देऊन पुण्य घेतील. मला नको. मी सोशिक नाही, काका. आई होत्या म्हणून गप्प होते. मी चिडलेली आहे. त्या बायकांवर, संजयवर, सगळ्यात जास्त तुमच्यावर. ते लिहा. लिहाल का?"

लिहितो. मोहित्यांकडे संध्याकाळच्या गोळ्या वसंतरावांनी आपल्या बायकोला दिल्या, तिच्यावर जीव होता म्हणून. ती शक्तीची गोळी आहे असं त्यांना मी सांगितलं होतं. मेधाने पहिल्याच दिवशी विरोध केला, तो मी हसून उडवला. ती आज आपल्या सगळ्यांवर चिडलेली आहे, तिचा राग बरोबर आहे, आणि हे वाचून कुणी तिच्याकडे पेढे घेऊन जाणार असेल तर जाऊ नये. तिने सांगितलंय, दार उघडणार नाही.